फडताळातले कप

बाईंना चंद्र चालत नसे.

आकाशातल्या चंद्राबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. वहीतला चालत नसे. आठवीच्या वर्गात अलंकार सुरू झाले, की पहिल्याच तासाला त्या फळ्यावर एक यादी लिहायच्या: चंद्र, कमळ, गुलाब, मोती, हरिणीचे डोळे, अथांग सागर. यादी पुरी झाली की तिच्यावरून खडूची एक लांबलचक रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, "ही मंडळी वर्षभर सुट्टीवर. उपमा द्यायची तर आपल्या घरातली द्यायची. ज्या वस्तूला तुमचा हात लागलेला नाही, ती माझ्या वर्गात आणायची नाही."

तेहतीस वर्षं बाईंनी हा नियम चालवला. मुलं आधी कुरकुरायची, कारण चंद्र आयता मिळतो आणि घरातलं काही आणायचं तर घराकडे नीट बघावं लागतं. पण एकदा बघायची सवय लागली की वर्गात काय काय यायचं. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मोठ्या ताईचा राग दुधासारखा आहे, आपण बघत असेपर्यंत वर येत नाही.' एकानं रूपकाला मामा आणला होता: 'मामा म्हणजे आमच्या घरातली छत्री, एरवी पायात येतो आणि गरजेला सापडत नाही.' अतिशयोक्तीला तर आत्यांची रांग लागायची. कुणाची आत्या फोनवर बोलायला लागली की भिंतीवरचं कॅलेंडर बदलावं लागायचं, कुणाची आत्या हसली की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायचे. चेतनगुणोक्तीला एका गप्प गप्प मुलानं नळ आणला होता, सगळे झोपल्यावर एकटाच बोलत बसणारा.

आणि सुनीत? चौदा ओळींचं सुनीत बाई वर्गात शिकवतच नसत. शाळेच्या मधल्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. आठ चढलं की वळण, मग सहा. सगळा वर्ग त्या जिन्यापाशी न्यायच्या, मग पायरीला एक मूल आणि तोंडी एकेक ओळ. वळणावरच्या मुलाला सांगायच्या, "इथे तुझी मान वळली पाहिजे आणि विचारही वळला पाहिजे. सरळच जायचं असतं तर गवंड्यानं इथे वळण बांधलं नसतं." पुढे म्हातारी झालेली त्यांची मुलं अजूनही कुठलाही जिना चढताना आठ मोजतात. भुजंगप्रयात बाकांवर वाजवून शिकवला तेव्हा तर मुख्याध्यापक स्वतः धावत आले होते, वर्गात मारामारी चाललीय म्हणून.

वर्गात जी ओळ बाईंच्या पसंतीस उतरायची, ती त्या मुलाकडून त्याच्याच हस्ताक्षरात एका जाड वहीत लिहून घ्यायच्या. खाली नाव, इयत्ता, तारीख. याला मुलं 'वहीत बसणं' म्हणायची. वहीत बसलेलं मूल आठवडाभर शाळेत ताठ मानेनं चालायचं. अशा बारा वह्या भरल्या होत्या. सेवानिवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी त्या बाईंच्या कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात होत्या आणि साड्या बिचाऱ्या खालच्या कप्प्यात घुसमटत होत्या.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत त्या आणि त्यांची धाकटी बहीण राहायच्या. धाकटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती, विधवा होती, जिभेनं तिखट होती, आणि थोरल्या बहिणीवर तिचं इतकं प्रेम होतं की दिवसातून दोनदा तरी तिचं काहीतरी काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिचं एक आवडतं प्रकरण होतं. एकदा यांच्या न्हाणीघराचा नळ रात्रभर उघडा राहिला. सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई रडवेल्या होऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पलंगावर पाणी, पुस्तकांवर पाणी, पंख्यातून पाणी." त्यावर आमच्या बाई क्षणभर डोळे मिटून म्हणाल्या होत्या, "वा, काय सहज अनुप्रास साधलात." पुढे जाऊन नळ धाकटीनं बंद केला.

"ताई, तुझं घर जळायला लागलं तरी तू आधी वृत्त कुठलं ते बघशील," असं धाकटी म्हणायची. बाई हसायच्या. त्यांना ती तारीफच वाटायची.

तर या बारा वह्यांचं पुस्तक करायचं ठरलं. ठरवलं छापखानेवाल्यानं. हा बाईंचाच विद्यार्थी, अलंकारांत दोनदा नापास झालेला. वृत्त ओळखा म्हटलं की हा खिडकीबाहेर बघायचा. आता त्याचा स्वतःचा छापखाना होता, टक्कल होतं आणि बाईंविषयी डोळ्यांत पाणी येईल इतका आदर होता. तो म्हणाला, बाई, अलंकार शिकायला आजच्या मुलांना याच्यापेक्षा चांगलं पुस्तक मिळायचं नाही, प्रत्येक अलंकाराला मुलांनीच केलेली उदाहरणं. फक्त एक करू. ज्याची ओळ छापायची त्याला विचारून छापू. नावासकट छापायचं म्हणजे विचारलंच पाहिजे.

बाईंना हे पटलं. दोनशे ओळी निवडल्या. माणसं शोधायचं काम धाकटीकडे गेलं आणि ती दहा वर्षांनी तरुण झाली. सकाळी नऊला टेलिफोन मांडीवर घेऊन बसायची, एकाकडून दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याकडून तिसऱ्याच्या सासरचा. माणसं सापडत गेली. कुणी आगबोटीवर इंजिनियर होता, कुणी दाताची डॉक्टर, कुणी तुरुंगात पहारेकरी. बाईंचं नाव काढलं की पलीकडून आधी हसू यायचं, मग आपली ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली जायची. छत्रीवाला मामा आता नव्हता. भाचा फोनवर म्हणाला, "छापा बाई. गरजेला तो एकदा सापडला होता, ते मी लिहायचं राहिलं." त्या संध्याकाळी बाई बराच वेळ खिडकीशी बसून होत्या.

त्या दोन महिन्यांइतक्या सुखात बाई गेल्या कित्येक वर्षांत नव्हत्या. शाळेची इमारत पाडून तिथे दुसरंच काही उभं राहिलं होतं, जिना गेला होता, फळे गेले होते. पण वही उघडली की शाईचा वास आला नाही तरी आल्यासारखा वाटायचा, आणि पानापानातून तेरा वर्षांची मुलं उठून उभी राहायची. बाईंना वाटायचं, आपण संसार केला नाही, पण वाया गेलो नाही. एवढ्या मुलांना आपण बघायला शिकवलं. या वयात माणसाला आणखी काय लागतं?

एकशे नव्व्याण्णव परवानग्या आल्या. राहिली एक, आणि तीच बाईंना सगळ्यांत आधी हवी होती. कारण पुस्तकाचं पहिलं पान त्यांनी त्या ओळीसाठी राखून ठेवलं होतं. छापखानेवाल्याला त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की तेहतीस वर्षांत वर्गात आलेली ही सर्वांत चांगली ओळ आहे, ती नसेल तर पुस्तकाला तोंडच नाही. तो म्हणाला, शुक्रवारपर्यंत थांबतो.

चौथ्या वहीत, निळ्या शाईत, थोड्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात ती ओळ होती:

'बाबांची पावलं जिन्यावर वाजली, की आम्ही भावंडं फडताळातल्या कपांसारखी होतो.'

लिहिणारीला वर्गात भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसत नसे. तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. तो तास बाईंना अडतीस वर्षांनंतरही लख्ख आठवत होता. वह्या तपासताना ओळ दिसली आणि त्या खुर्चीतून उठल्याच. तिथल्या तिथे सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवली, एकदा नाही, दोनदा. मग फळ्यावर लिहून तिचे भाग पाडले. उपमेय कोण? आम्ही भावंडं. उपमान कोण? कप. साधर्म्यसूचक शब्द? सारखी. आणि साधारण धर्म? दोघांत सारखं काय आहे? "बघा," बाई म्हणाल्या होत्या, "तो तिनं सांगितलेलाच नाही. तो आपण ओळखायचा. हिला म्हणतात लुप्तोपमा, आणि ही तेरा वर्षांच्या मुलीनं न शिकवता लिहिलीय." पहिल्या बाकावरून कुणी म्हणालं, कप एका ओळीत असतात. कुणी म्हणालं, स्वच्छ असतात. बाईंनी खडूनं ठळक लिहिलं: शिस्त. "किती शिस्तीचं घर असेल बघा हे. बरोबर ना गं?" भिंगरी उभी राहिली होती. म्हणाली होती, "हो, बाई."

ही आठवण बाईंनी धाकटीला इतक्या वेळा सांगितली होती की धाकटीला फळ्यावरचं अक्षरही दिसायला लागलं होतं. पण या वेळी वह्या चाळताना धाकटीनं एक विचारलं. इतकी हुशार मुलगी, आणि वहीत हिची पुढे एकही ओळ कशी नाही?

"पुढे बिघडली," बाई म्हणाल्या. "चंद्र लिहायला लागली. उपमेला चंद्र, रूपकाला चंद्र, उत्प्रेक्षेलाही चंद्र. मी बाद करत गेले, ती लिहीत गेली. दहावीपर्यंत."

"कपांवरून थेट चंद्रावर? मधे काहीतरी झालं असेल ना गं ताई."

"होतंय काय? वय." बाईंनी पान उलटलं.

धाकटीला भिंगरीचा फोन नंबर मिळाला नव्हता, पण पत्ता मिळाला. त्याच शहरात, बसनं तिसऱ्या थांब्यावर, कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान. म्हणजे इतकी वर्षं ती हाकेच्या अंतरावर होती आणि कधी भेटायला आली नव्हती. बाईंना थोडं लागलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. गुरुवारी दुपारचं जेवण झालं, चौथी वही पिशवीत घातली, बरोबर यायला निघालेल्या धाकटीला घरीच थांबवलं आणि त्या एकट्या गेल्या.

दुकान लांबट होतं. पुढे काउंटर, मागे दोरीवर प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले कोट आणि लग्नातले झगे, त्यांच्या मागे वाफेची इस्त्री फुसफुसत होती. काउंटरमागे पन्नाशीची एक बाई उभी होती, केस आखूड, चष्मा डोक्यावर चढवलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाईंना ती ओळखू आली नाही. तिला मात्र बाई दारातच ओळखू आल्या. तिच्या हातातली कापडी पट्टी तशीच राहिली.

"बाई," ती म्हणाली.

तिनं काउंटरची फळी उचलून त्यांना आत घेतलं, स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. मुलाबाळांचं विचारून झालं. नवरा गाडीवर कपडे पोचवायला जातो, मुलगी परगावी नोकरीला, धंदा बरा चाललाय. बोलता बोलता तिचे हात चालूच होते. आलेल्या कोटांचे खिसे तपासायचे, मग आतल्या बाजूला नंबराची पट्टी टाचायची. एका कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद निघाला. निळ्या रेघांचा, दाट अक्षर, पत्रच असावं. तिनं तो तसाच एका खाकी पाकिटात टाकला, पाकिटावर कोटाचा नंबर लिहिला आणि खणात ठेवून दिलं.

"काय लिहिलंय?" बाईंनी सवयीनं विचारलं. अक्षर दिसलं की वाचायचं, हा त्यांचा जन्माचा धर्म.

"कुणास ठाऊक. आम्ही उघडत नाही, बाई. कपडे धुवायला दिलेत त्यांनी, कागद नाही दिलाय."

बाईंनी मान डोलावली आणि विषयाला हात घातला. पुस्तकाचं सगळं सांगितलं. छापखानेवाला कोण ते सांगितलं, दोनशे ओळींचं सांगितलं, आणि मग पिशवीतून वही काढून ते पान उघडून काउंटरवर ठेवलं. म्हणाल्या, पहिलं पान तुझ्यासाठी राखून ठेवलंय. तेहतीस वर्षांत अशी ओळ मला दुसरी मिळाली नाही. माझ्या शिकवण्याचं सार्थक झालं असं जर कधी वाटलं असेल, तर ते त्या तासाला. बोलताना त्यांचा आवाज भरून आला. त्यांना वाटलं, आता हिचाही येईल.

तिनं वहीकडे पाहिलं नाही. इस्त्रीचं बटण बंद केलं. फुसफुस थांबली तेव्हा दुकान एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

"तुम्ही फळ्यावर शिस्त लिहिलं होतंत," ती म्हणाली.

"आठवतंय तुला."

"बाई, आमचं घर रस्त्याला लागून होतं. खालून मोठा ट्रक गेला ना, की फडताळातले कप वाजायचे. एकमेकांना लागून थरथरायचे सगळे, ट्रक लांब जाईपर्यंत. त्याच्याविषयी होती ती ओळ."

बाईंपुढे वही उघडी होती आणि त्या ती ओळ पुन्हा वाचत होत्या. शब्द तेच होते. शेकडो वेळा वाचलेले. आज पहिल्यांदा त्यांना त्यांच्यातली मुलं दिसली.

ती सावकाश बोलत होती, आवाज न चढवता, गिऱ्हाइकाला डाग का निघत नाही ते समजावून सांगावं तशी. बाबा पोस्टात काउंटरवर होते. सगळ्या गावाला त्यांचं कौतुक. म्हाताऱ्यांची पत्रं स्वतः लिहून द्यायचे, कुणाशी वर आवाज करून बोलायचे नाहीत. ते बाहेरचं. घरातलं ठाऊक होतं ते फक्त घरातल्यांना. बाईंनी घरातली उपमा मागितली, म्हणून तिनं घरातली दिली. तिला वाटलं होतं, बाईंना कळेल. बाईंना सगळ्या ओळी कळतात.

"तुम्ही ती मोठ्यानं वाचलीत तेव्हा मला आधी बरंच वाटलं. वाटलं, आता बाई थांबतील. तास संपल्यावर मला बोलावतील आणि विचारतील. तुम्ही फळ्याकडे वळलात. मी घंटा होईपर्यंत वाट पाहिली, बाई. घंटा झाल्यावरही दाराशी थांबले होते. तुम्ही वही पुढे केलीत आणि म्हणालात, सुंदर अक्षरात लिही."

बाईंना हेही आठवलं. दाराशी उभी राहिलेली मुलगी त्यांना आठवली. वहीत बसायची घाई झालीय हिला, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

मग तिनं पुढचं सांगितलं. वर्गातल्या एका मुलीची आई त्याच संध्याकाळी पोस्टात गेली होती. तिनं काउंटरवर कौतुकानं सांगितलं, तुमच्या मुलीची ओळ बाईंनी आज वर्गात वाचून दाखवली, तुमच्या घरच्या शिस्तीचं केवढं नाव झालं. ओळही सांगितली.

"सगळ्या गावात त्या ओळीचा अर्थ बरोबर कळला तो त्यांना एकट्याला," ती म्हणाली. "मला काही बोलले नाहीत. हातही लावला नाही. पण त्या दिवसापासून ते खालीच बूट काढायचे आणि हातात घेऊन अनवाणी वर यायचे. पावलं वाजायची बंद झाली. निदान आधी आम्हाला कळायचं तरी. मागच्या खोलीत जायला, धाकट्याला पांघरुणात घालायला एक मिनिट मिळायचं. ते गेलं. दार उघडायचं आणि ते उभे असायचे. लाजेनं करायचे की रागानं, ते मला अजून कळलेलं नाही. आता ते नाहीतही विचारायला."

काउंटरवर कुणीतरी येऊन उभं राहिलं. एक तरुण माणूस, पावती दाखवत. तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला, दोरीवरून त्याचा कोट शोधला, खणातलं एक पाकीट कोटाबरोबर त्याच्या हातात दिलं. त्यानं पाकिटात डोकावून पाहिलं आणि हायसं वाटल्यासारखा हसला. तो गेला. ती परत येऊन पहिल्याच जागी उभी राहिली.

बाईंना रडू आलं नाही. रडण्याचा हक्क आपला नाही, एवढं त्यांना त्याही अवस्थेत कळत होतं. आयुष्यभर शब्दांशी खेळलेल्या या बाईला आत्ता दोनच शब्द सापडले.

"माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. तिनं ते उडवून लावलं नाही, जाऊ द्या म्हटलं नाही. बाईंना त्याबद्दल बरं वाटलं, हे विचित्र आहे पण खरं आहे. खोटं समाधान त्यांना त्या क्षणी सोसवलं नसतं.

"म्हणून चंद्र," बाई म्हणाल्या.

"चंद्र बरा होता. त्याच्यात काही सापडत नव्हतं कुणाला. तुम्ही बाद करायचात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायचं. हिला काही येत नाही, असं वाटलेलं चांगलं." ती किंचित हसली. "वाईट तेवढंच वाटायचं की मला येत होतं."

बाईंनी वही मिटली. त्यांच्या मनात आलं की विचारावं, हे पान फाडून तुला देऊ का, जाळून टाकू का. पण तेही शेवटी आपल्याच मनाच्या समाधानासाठी झालं असतं. त्यांनी वही पिशवीत घातली आणि म्हणाल्या, छापत नाही मी ही ओळ.

"नका छापू. ओळ चांगली आहे, मला माहीत आहे. पण ती मी तुम्हाला दिली होती, बाई. वर्गाला नाही."

आता उठायचं, नमस्कार करायचा आणि बस पकडायची, एवढंच राहिलं होतं. बाई स्टुलावरून उठल्याही. काउंटरची फळी उचलली. तिथे त्यांचा हात थांबला. फळी पुन्हा खाली टेकवून त्या वळल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, गुडघे दुखणाऱ्या, हातात पिशवी. त्यांना भीती वाटत होती. आता विचारून काय उपयोग, असंही वाटत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"घरी काय होत होतं गं?"

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की बाईंना वाटलं, आपण दुसऱ्यांदा चुकलो. मग तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला, पुढे जाऊन दाराची आतली कडी लावली आणि दारावरची पाटी उलटी केली. परत येताना दुसरं स्टूल ओढून आणलं.

"सहा वाजता नवरा गाडी घेऊन येतो," ती म्हणाली. "तोवर सांगते."

तिनं सांगितलं. बाहेर दोनदा कुणीतरी दार हलवून गेलं. बाईंनी मधे काही विचारलं नाही, एकदाही डोळे मिटले नाहीत. बोलताना तिच्या तोंडून एखादी उपमा आलीही असेल, बाईंच्या ती लक्षात आली नाही. तिनं काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते तिनं बाईंना सांगितलं.

घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. धाकटी गॅलरीतच उभी होती. काय झालं, परवानगी मिळाली का, एवढा वेळ कुठे होतीस, तिनं दारातच सगळं विचारलं. बाईंनी चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली, आणि छापखानेवाल्याला फोन लाव म्हणाल्या, पहिलं पान मोकळंच राहू दे.

"अगं, पण भिंगरी भेटली का?"

"भेटली," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धाकटीला याहून जास्त काही सांगितलं नाही.